थंडी, हीटर आणि शेगडी: घर उबदार ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातली थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. मुंबईत आणि कोकण किनारपट्टीत एक जाड पांघरूण पुरतं, त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं तिथल्या वाचकांच्या कामाची नाहीत. नाशिक, पुणे, अहिल्यानगर, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भात मात्र पहाटे पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर काही वर्षी पाचाच्याही खाली. तेवढ्या दिवसांसाठी कोणी घर बांधताना थंडीचा विचार करत नाही. मग डिसेंबरात हीटर की शेगडी, बिल किती येईल, बाळाच्या खोलीत काय ठेवावं, असे प्रश्न एकदमच पडतात.

दुपारी बाहेर २८-३० अंश असतं, तरी घरात गारठा का?

कारण आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, शहाबादी किंवा टाइल्सची फरशी, झरोके, एकेरी काचेच्या खिडक्या, या सगळ्यांचं काम घर गार ठेवण्याचं, आणि ते हिवाळ्यातही इमानेइतबारे चालू राहतं. नऊ इंची विटांची भिंत रात्रभर निवते आणि दुपारी बाहेर ऊन असलं तरी लवकर तापत नाही. शिवाय शरीराला हवेइतकाच भिंतींचा आणि फरशीचा गारवा जाणवतो. हवा २२ अंशांवर असली तरी भिंत १५ वर असेल, तर तिच्या शेजारी बसलेला माणूस कुडकुडतोच.

जुनी माळवदाची किंवा धाब्याची घरं याला अपवाद. दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर मातीचाच जाड थर, त्यामुळे दिवस-रात्रीचा फरक आत फारसा पोचत नाही. ती पाडून स्लॅब टाकलेल्यांना पहिल्या हिवाळ्यातच हे कळतं.

हीटर न लावता घर गरम ठेवता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, पण वेळ पाळावी लागते. थंडी आहे म्हणून दिवसभर खिडक्या बंद ठेवायच्या, ही सर्वांत मोठी चूक. आपल्याकडे दुपारची हवा घरातल्या हवेपेक्षा गरम असते. ती फुकटची ऊब आत घ्यायला हवी.

सकाळी अकराच्या सुमारास खिडक्या-दारं उघडा आणि दक्षिणेकडचे पडदे पूर्ण बाजूला करा. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, नागपुरात सुमारे ४५. इतकं तिरपं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट फरशीवर पडतं. तिथली चटई किंवा गालिचा गुंडाळून ठेवला तर फरशी तापते आणि संध्याकाळी ती ऊब परत देते. साडेचार-पाचला, ऊन उतरण्याआधीच, सगळं बंद करून पडदे ओढा. दिवेलागणीपर्यंत थांबलात, तर दिवसभराची कमाई अर्ध्या तासात जाते.

फटी बुजवून खरंच फरक पडतो?

पडतो, आणि हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आधी फटी शोधा: रात्री पंखा बंद करून पेटती उदबत्ती दाराच्या खालून, खिडकीच्या चौकटीवरून आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकाजवळून हळूहळू फिरवा. (पडदे आधी बाजूला करा.) धूर जिथे आडवा होतो तिथे वारा शिरतोय. बहुतेक घरांत पहिला गुन्हेगार म्हणजे मुख्य दाराखालची अर्ध्या-पाऊण इंचाची फट. तिथे रबर किंवा ब्रशची पट्टी लावा, नाहीतर जुन्या चादरीची घट्ट वळकटी ठेवा. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या दोन पल्ल्यांमध्ये जिथे फट राहते तिथे फोमची चिकटपट्टी चालते. पट्टी लावण्याआधी चौकट कोरड्या कापडाने पुसा. धुळीवर लावलेली पट्टी आठवड्यात लोंबते.

खालच्या रुळातली पाणी जाण्याची भोकं मात्र कायमची बुजवू नका, पावसाळ्यात पाणी आत येईल. आणि ज्या खोलीत गॅसची शेगडी, गॅस गिझर किंवा कोणताही जाळ आहे तिथला झरोका कधीही बंद करायचा नाही. कारण पुढे दिलं आहे.

हीटर लावला की लगेच बरं वाटतं, बंद केला की लगेच गार. असं का?

१० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. तिच्यातल्या हवेचं वजन सुमारे ४० किलो. ती दहा अंशांनी तापवायला एका युनिटचा जेमतेम नववा भाग वीज लागते, म्हणजे २००० वॅटच्या हीटरला तीन-चार मिनिटं. पण त्याच खोलीची १२ फुटी, नऊ इंची विटांची एक भिंत साडेचार टनांच्या आसपास भरते आणि तिला एका अंशाने तापवायला सुमारे एक युनिट जातं. हवा चटकन तापते, भिंती ती ऊब पीत राहतात, आणि हीटर बंद झाला की हवा पुन्हा भिंतींच्या तापमानाकडे घसरते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: आपल्या हवामानात आणि आपल्या बांधणीच्या घरात अख्खं घर तापवायच्या मागे लागू नये. आधी माणूस, मग अंथरूण, मग गरज असेल तर एक खोली.

किती वॅटचा हीटर लागेल?

याच मापाच्या खोलीत आत-बाहेर दहा अंशांचा फरक टिकवायचा, तर ढोबळ हिशेब असा: दोन बाहेरच्या भिंती, एक खिडकी आणि दारा-फटींतून जाणारी हवा मिळून साडेपाचशे-सहाशे वॅट. वर उघडी गच्ची असेल तर स्लॅबमधून आणखी चारशेच्या आसपास. म्हणजे मधल्या मजल्यावर ८०० ते १००० वॅट पुरतात आणि सर्वांत वरच्या मजल्यावर १५०० घेतलेले बरे. दुकानात सर्रास २००० वॅटचा हातात देतात. तो वाईट नाही, पण त्याला १००० वॅटची पायरी आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारा स्विच) आहे ना, हे पाहून घ्या.

कोणत्या प्रकारचा घ्यावा: रॉडचा, पंख्याचा की तेलाचा?

रॉडचा हीटर, म्हणजे क्वार्ट्झ किंवा हॅलोजन, हवा तापवत नाही, समोरच्या माणसाला शेक देतो. ४०० आणि ८०० वॅट अशा दोन पायऱ्या असतात. अभ्यासाला बसलेलं मूल, देवघरात बसलेले आजोबा, भाजी निवडणारी आई, अशा एका जागी बसणाऱ्यासाठी हा सर्वांत काटकसरी. तोटा असा की बाजूला सरकलात की गार. रॉड ठिसूळ असतात, चालू असताना हीटर उचलून इकडचा तिकडे केला तर तुटतात. झोपताना हा लावूच नये, पांघरूण घसरून जाळीवर पडतं.

पंख्याचा ब्लोअर पाच मिनिटांत खोली गरम करतो. मुलांना आंघोळीनंतर कपडे घालायच्या खोलीत दहा मिनिटं लावायला उत्तम. आवाज करतो, आणि मागच्या जाळीवर धूळ साचली की हवा कमी ओढली जाऊन आतला कटआउट त्याला बंद पाडतो. ‘सारखा बंद पडतो’ अशी तक्रार असेल तर दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी प्लग काढून, गार झाल्यावर, मागची जाळी मऊ ब्रशने साफ करा.

तेलाचा रेडिएटर, ९ किंवा ११ पाती असलेला, तापायला वीस मिनिटं ते अर्धा तास घेतो. मग शांतपणे चालतो, बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देतो. तापलेला लालबुंद भाग उघडा नसल्याने झोपायच्या खोलीत लावायचाच असेल तर हाच. तेल कायमचं बंद केलेलं असतं, ते भरावं लागत नाही. ‘वर्षातून एकदा तेल बदला’ असं सांगणाऱ्याला निरोप द्या. आडवा ठेवून वाहून आणला असेल तर तासभर उभा ठेवून मगच लावा. बुडाशी तेलाचा डाग दिसला तर तो हीटर वापरातून काढा.

कोणताही घ्या, आयएसआय चिन्ह आणि आडवा पडल्यावर आपोआप बंद होण्याची सोय पाहा. नवा हीटर पहिल्यांदा लावल्यावर थोडा वास येतो, तो वरच्या लेपाचा किंवा धुळीचा. अर्ध्या तासानेही वास येत राहिला किंवा प्लास्टिक जळाल्यासारखा आला तर प्लग काढा.

बिल किती वाढेल?

१००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. ८०० वॅटचा रॉड रोज दोन तास: महिन्याला ४८ युनिटं. २००० वॅटचा ब्लोअर रोज तीन तास: १८० युनिटं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात. एरवी ९० युनिटं वापरणारं घर ब्लोअरमुळे २७० वर गेलं, तर शंभरच्या पुढची १७० युनिटं महागड्या दराने लागतात. टप्पा ओलांडला की सगळीच युनिटं वरच्या दराने लावतात, हा समज चुकीचा आहे. पहिली शंभर पहिल्याच दराने राहतात.

तेलाचा हीटर कमी वीज खातो, हेही अर्धवट खरं. विजेचं उष्णतेत रूपांतर सगळेच हीटर सारखंच करतात. तेलाच्या हीटरचा थर्मोस्टॅट त्याला मधूनमधून बंद करतो, बचत होते ती तिथे.

प्लग गरम होतो, काळा पडतो. चालेल का?

अजिबात नाही. २००० वॅटचा हीटर सुमारे पावणेनऊ अँपिअर करंट ओढतो. टीव्ही-मोबाइलचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. हीटरला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा, मागे किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंगसह. मोठ्या पिनेचा प्लग लहान सॉकेटात बसवणारं ‘कन्व्हर्टर’ मिळतं, त्याने प्लग बसतो पण मागची वायर जाड होत नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर लावू नये, गुंडाळलेल्या वायरीच्या रिळावर तर नाहीच, कारण वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडायला जागा नसते.

योग्य सॉकेट असूनही प्लग तापत असेल तर आतले पितळी पाते सैल झाले आहेत. सॉकेट बदला, वीस मिनिटांचं काम आहे. काळ्या पडलेल्या सॉकेटला पॉलिशपेपर मारून पुन्हा वापरणं म्हणजे आगीला आवतण.

सकाळी सातला एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, त्याचं कारण बहुधा साधं असतं. २००० वॅटचा गिझर, २००० वॅटचा हीटर आणि ७५० वॅटची इस्त्री एकत्र चालू झाली की साडेवीस अँपिअरच्या आसपास जातं. मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवून घेऊ नका, तो वायरीच्या जाडीनुसार ठरलेला असतो. गिझर आधी, हीटर नंतर.

हीटर कुठे ठेवावा?

पडदे, गादी, कपाट, वर्तमानपत्रांची रद्दी या सगळ्यांपासून निदान तीन फूट लांब, सपाट जमिनीवर. त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. न वाळलेल्या मोज्यांनी बऱ्याच आगी लावल्या आहेत. न्हाणीघरात नेऊ नका.

हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो का?

विजेचा हीटर खात नाही. तिथे काहीच जळत नसतं. डोकं जड होणं, नाक-घसा कोरडा पडणं हे हवा कोरडी झाल्यामुळे होतं: १० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा २२ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्याही खाली उतरते. पाण्याची वाटी ठेवतात, पण तेवढ्याशा पाण्याने फारसं काही होत नाही. खोलीत दोरीवर दोन ओले टॉवेल वाळत घातले तर फरक कळतो, हीटरपासून अर्थातच दूर. तापमान २०-२१ च्या वर नेऊ नका आणि ओठांना तूप लावा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

ऑक्सिजन खातो तो जाळ.

खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर चालते का? निखारे फुलल्यावर धूर तर येत नाही.

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

धूर दिसत नाही म्हणजे धोका गेला, ही समजूत जीवघेणी आहे. फुललेला, राखेची साय धरलेला निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. कोळशाच्या थराला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून कार्बन अर्धवट जळतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काही कळतच नाही. दरवर्षी हिवाळ्यात पेपरात ‘शेगडीमुळे गुदमरून मृत्यू’ अशी बातमी येते, ती बहुतेक वेळा गुदमरण्याची नसून या विषबाधेची असते.

घडतं ते असं: अंगणात शेकोटी होते, रात्री दहाला सगळे उठतात, उरलेले निखारे वाया कशाला घालवायचे म्हणून घमेल्यात भरून खोलीत आणले जातात आणि वारा येतो म्हणून दार लावून घेतलं जातं. शिवाय फटी तर बुजवलेल्याच असतात.

‘एक खिडकी किलकिली ठेवली होती’ याचा भरवसा धरता येत नाही. वारा पडला की त्या फटीतून हवा खेळत नाही. शेगडीवर पाणी ठेवल्याने, कापूर किंवा तुळस टाकल्यानेही वायू कमी होत नाही. गॅसची शेगडी पेटवून स्वयंपाकघर तापवणं, तव्यावर वीट तापवत ठेवून बर्नर तासभर चालू ठेवणं, हेही त्याच जातीचं.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी तर पूर्वापार आहे ना?

आहे. बाजेखाली शेगडी, बाळाला ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी. पण ती पद्धत ज्या घरांत रुजली तिथे कौलांतून वारा खेळायचा. फ्लॅटच्या बंद बेडरूममध्ये तीच शेगडी वेगळी वस्तू होते. बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, आणि धुराने त्याच्या श्वासनलिकांना त्रास होतो तो वेगळाच. धुरी देऊ नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठी.

आजींचा मुद्दा मात्र चुकीचा नाही. नवजात बाळ लवकर गार पडतं आणि त्याला ऊब हवीच. ती अशी द्या: मालीश आणि आंघोळीच्या निदान अर्धा तास आधीपासून दार लावून तेलाचा हीटर, खोली २५ अंशांच्या पुढे. अंग पुसताना डोकं आधी. टोपडं, मोजे, आणि मोठ्या माणसापेक्षा एक थर जास्त. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर शाल, यासारखा हीटर नाही. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्ही हाताला कोमट लागले तर ठीक. पोट गरम पण तळपाय गार असतील तर थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर छातीशी धरून लगेच डॉक्टरांकडे न्या. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावं. आणि मान घामेजली असेल तर थर कमी करा, अति गुंडाळणंही वाईटच.

ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून बाळंतिणीच्या कमरेला शेक घ्यायला हरकत नाही, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहून.

बंद खोलीत कोणी बेशुद्ध सापडलं तर?

श्वास रोखून आत शिरा, दारं-खिडक्या सताड उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत ओढा. शेगडी विझवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून ‘कोळशाचा’ किंवा ‘गॅस गिझरचा’ वायू लागला आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे ऑक्सिजनची तयारी होते. श्वास थांबला असेल तर छातीदाब (सीपीआर) सुरू करा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं नको. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं: मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि आकडा ९८ दाखवतो. शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्यायचंच.

मग गॅस गिझरचं काय?

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर स्वयंपाकाच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाचपट जाळ करतो. तो चार बाय पाचच्या न्हाणीघरात बसवणं म्हणजे आत शेगडी घेऊन बसणं. गिझर गॅलरीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये, आत फक्त गरम पाण्याची नळी. आधीच आत बसवलेला असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत बादली भरा, गिझर बंद करा, दार पाच मिनिटं उघडं ठेवा आणि मग आंघोळीला जा. ज्योत निळी असावी. पिवळी, लवलवती दिसली तर वापर थांबवून साफ करून घ्या.

पाणी तापवायचा बंब अजून वापरावा का?

आवर्जून, जर अंगण किंवा मागचं मोकळं दार असेल तर. नारळाच्या करवंट्या, झावळ्या, लाकडाच्या ढलप्या, काहीही चालतं आणि वीज शून्य. पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका, कोरड्या बंबाची झाळ वितळून तो गळका होतो. बंब न्हाणीघराच्या आत ठेवत असाल तर शेगडीचं आणि गॅस गिझरचं उत्तर पुन्हा वाचा.

शेकोटी कशी करावी, कशी विझवावी?

उघड्यावर, गंजी आणि गोठ्यापासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. पऱ्हाटी आणि तुराट्या भुर्रकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात, त्या फक्त पेटवणीला. खाली बाभळीचं लाकूड असेल तर विस्तव तासभर टिकतो. ओलं लाकूड धूर करतं. टायर, प्लास्टिकच्या पिशव्या, रंगवलेल्या फळ्या टाकू नका. नायलॉनची साडी, पॉलिएस्टरचं जॅकेट घालून वाकू नये: एक ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं.

उठताना पाणी ओता, काठीने परता, पुन्हा पाणी ओता. वरून माती लोटून निघून गेलात तर राखेखालचा विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो. निफाडकडे द्राक्षबागांतही पहाटे शेकोट्या पेटवतात, त्या माणसांसाठी नसून वेलींसाठी.

आमच्या एसीने खोली गरम होईल का?

रिमोटवर सूर्याचं चिन्ह किंवा ‘हीट’ मोड असेल तरच. नुसत्या थंड करणाऱ्या एसीचं तापमान ३० वर ठेवून गरम हवा येत नाही. ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी असेल तर मात्र तो कोणत्याही हीटरपेक्षा स्वस्त पडतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरची आत ओढून आणतो. आपल्या थंडीत एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. २०-२१ वर लावा आणि झडपा खाली वळवा, नाहीतर सगळी ऊब छताशी जाते. नवा एसी घेणारच असाल तर हा पर्याय पाहा. केवळ थंडीसाठी एसी घ्यायचा, हे मात्र आपल्याकडे पटण्यासारखं नाही.

पत्र्याच्या घरात पहाटे वरून पाणी टपकतं. गळती आहे का?

नाही, तो पत्र्याचा घाम. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि घरातल्या श्वासाची, स्वयंपाकाची वाफ त्याच्या आतल्या बाजूला साकळते. पत्र्याखाली सहा इंच अंतर सोडून बांबूची चटई किंवा जुन्या सुती साड्यांचं छत ताणून बांधा. मधल्या हवेचा थर थंडीत ऊब धरतो आणि मे महिन्यात उन्हाची धगही अडवतो. चुलीच्या वर छत बांधू नका. थर्माकोल लावू नका, तो पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात.

पांघरूण कितीही घेतलं तरी थंडी वाजते.

बहुतेकदा खालून वाजते. दबलेली कापसाची गादी किंवा थेट फरशीवरची सतरंजी ऊब धरत नाही. वरच्या दोन पांघरुणांपैकी एक खाली अंथरून पाहा. जमिनीवर झोपत असाल तर आधी चटई, मग घोंगडी, मग गादी.

वर घेताना क्रम महत्त्वाचा. अंगाला मऊ आणि फुगीर, म्हणजे दुलई किंवा लोकरी ब्लँकेट. त्यावर दाट विणीचं, म्हणजे गोधडी किंवा सोलापुरी चादर. फुगीर थर हवा धरतो, दाट थर वारा अडवतो. जड गोधडी आत घेतली तर ती दुलईचं काम करत नाही. चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं टोचतं, पण वारा अडवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. दुपारी सगळं गच्चीत उन्हात टाका. रात्रभराचा घाम वाळतो, कापूस फुगतो, आणि दमट पांघरुणाचा तो ओशट गारवा जातो.

आणि कानटोपी, पायमोजे. ‘झोपताना मोजे घालू नयेत’ असं बरेच जण म्हणतात. सैल, कोरडे सुती मोजे घालायला काहीच हरकत नाही.

इलेक्ट्रिक ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी सुरक्षित आहे का?

नीट वापरली तर हीटरपेक्षा बरी. ब्लँकेट साधारण १०० वॅट खातं. झोपण्याआधी वीस मिनिटं लावा, अंथरुणात शिरताना बंद करा. घडी घालून ठेवू नका, आतली तार मोडते, सैल गुंडाळी करा. लहान मुलं, आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेले लोक, यांच्यासाठी नको. त्यांना भाजलेलं कळत नाही.

रबरी पिशवी दोन-तृतीयांशच भरा, उकळतं पाणी ओतू नका, बूच लावण्याआधी दाबून हवा काढा, वरून टॉवेल गुंडाळा. रबर चिरकलं की टाका. विजेवर चार्ज होणारी जेलची पिशवी चार्ज होत असताना मांडीवर घेऊ नये. फुगलेली पिशवी पुन्हा लावू नये.

घरात म्हातारी माणसं आहेत. किती तापमान असावं?

१८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. भिंतीवर लावायचं साधं थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, अंदाजापेक्षा ते बरं, कारण वयानुसार थंडीची जाणीवच मंदावते आणि ‘मला नाही वाजत’ म्हणणाऱ्याचे हात बर्फासारखे असतात. पहाटे लघवीला उठणं ही खरी जोखमीची वेळ. पलंगाशी चप्पल आणि शाल हाताला लागतील अशी ठेवा. पहाटेचं फिरणं ऊन पडेपर्यंत पुढे ढकलायला सांगा. ऐकतीलच असं नाही.

थंडी संपल्यावर हीटर कसा ठेवावा?

होळी जळाली, थंडी पळाली, की प्लग काढून पूर्ण गार होऊ द्या. जाळीतली धूळ ब्रशने काढा, ओलं फडकं आत घालू नका. वायर हीटरभोवती आवळून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून वेगळं बांधा. पिशवीत घालून माळ्यावर, तेलाचा असेल तर उभाच. पुढच्या वर्षी पहिल्यांदा लावण्याआधी वायर बोटांनी चाचपून पाहा: उंदरांनी माळ्यावर काय केलंय ते तेव्हाच कळतं.